बौद्ध युवकांची दीक्षा व युवक संघटना (महाराष्ट्र)

बौद्ध युवकांची दीक्षा म्हणजे बौद्ध कुटुंबात वाढलेल्या मुलामुलींनी जाणत्या वयात स्वतः केलेला धम्माचा स्वीकार होय. हिंदूंमधील मुंज किंवा पारशांमधील नवजोत यांसारखा, सर्व देशांतील बौद्धांमध्ये सारखाच पाळला जाणारा वयात येण्याचा संस्कार बौद्ध धर्मात नाही. त्याऐवजी त्रिशरण-पंचशील ग्रहण, श्रामणेर प्रव्रज्या, धम्मदीक्षा अशा वेगवेगळ्या विधींनी हे स्थान घेतलेले दिसते. महाराष्ट्रात १९५६ च्या धर्मांतरानंतर या प्रश्नाला विशेष महत्त्व आले. पहिल्या पिढीने बौद्ध धम्म निर्णयपूर्वक स्वीकारला होता. पुढील पिढ्यांना तो जन्माने मिळाला. जन्माने मिळालेला धम्म निर्णयाने स्वीकारलेला कसा व्हावा, हा श्रामणेर शिबिरे, बालसंस्कार वर्ग आणि युवक संघटना यांच्यामागील मुख्य प्रश्न आहे. या लेखात त्याची शास्त्रीय पार्श्वभूमी, महाराष्ट्रातील स्वरूप आणि धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील संदर्भ यांची माहिती दिली आहे.

## पाली विनयातील पार्श्वभूमी

अल्पवयीन मुलांना संघात प्रवेश देण्यासंबंधीचे नियम विनयपिटकातील महावग्गात आणि पातिमोक्खाच्या पाचित्तिय विभागात आढळतात. हे नियम एकाच वेळी घालून दिलेले नाहीत. प्रत्येक नियमामागे एखादी घडलेली घटना सांगितलेली आहे.

बुद्ध कपिलवस्तूस आले असता त्यांचा पुत्र राहुल याने त्यांच्याकडे आपला वारसा मागितला. तेव्हा बुद्धांनी सारिपुत्ताकडून त्याला प्रव्रज्या देवविली. परंपरेनुसार राहुल त्या वेळी सात वर्षांचा होता आणि तो पहिला श्रामणेर मानला जातो. पुत्रापाठोपाठ नातूही गृहत्याग करून गेल्याने शुद्धोदन व्यथित झाला. मातापित्यांच्या अनुमतीवाचून कोणत्याही मुलास प्रव्रज्या देऊ नये, अशी विनंती त्याने केली आणि बुद्धांनी तसा नियम केला. पालकांच्या संमतीची ही अट आजही सर्व बौद्ध परंपरांत पाळली जाते.

वयाचे नियमही असेच तयार झाले. राजगृहातील उपाली नावाच्या मुलाचे आईवडील, लेखन, गणना किंवा रूपपरीक्षा यांपैकी कोणताही व्यवसाय आपल्या मुलास कष्टाचाच होईल, भिक्खूंचे जीवन मात्र सुखाचे आहे, असा विचार करीत होते. ते ऐकून उपाली व त्याचे सोबती यांनी उपसंपदा घेतली. मात्र पहाटेपूर्वीच ती मुले भुकेने रडून पेज मागू लागली. या प्रसंगावरून वीस वर्षांहून कमी वयाच्या व्यक्तीस उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्खूपद, देऊ नये असे ठरले. हे वय गर्भधारणेपासून मोजले जाते. पुढे श्रामणेर होण्यासाठीही पंधरा वर्षांची मर्यादा घालण्यात आली. तथापि आनंदाच्या आश्रयदात्या कुटुंबातील माणसे रोगाने मरण पावून दोन लहान मुले अनाथ झाली, तेव्हा त्या मर्यादेस अपवाद करण्यात आला. पंधरा वर्षांखालील मुलगा कावळे हाकलू शकत असेल, तर त्याला श्रामणेर करण्यास हरकत नाही, असा तो नियम आहे. येथे वयाचा निकष केवळ वर्षांचा नसून जबाबदारी पेलण्याच्या क्षमतेचा आहे, ही बाब लक्षणीय आहे.

श्रामणेराने पुढील दहा शीले पाळावयाची असतात :

१. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहणे
२. न दिलेली वस्तू न घेणे
३. ब्रह्मचर्य पाळणे
४. असत्य न बोलणे
५. मादक पदार्थांचे सेवन न करणे
६. मध्यान्हानंतर भोजन न करणे
७. नृत्य, गायन, वादन व खेळतमाशांपासून दूर राहणे
८. माळा, सुगंध व अलंकार न वापरणे
९. उंच व मोठ्या शय्येचा त्याग करणे
१०. सोने-चांदी अर्थात पैसा न स्वीकारणे

गृहस्थ तरुणासाठीचा उपदेश दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आहे. मृत पित्याची आज्ञा म्हणून सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी ओल्या वस्त्रांनिशी सहा दिशांना नमस्कार करीत असे. बुद्धांनी त्याला सहा दिशांचा निराळा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र व सहकारी, खालची दिशा म्हणजे सेवक व कामकरी आणि वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. या प्रत्येक नात्यात दोन्ही बाजूंची कर्तव्ये सांगितलेली असल्याने या सुत्ताला 'गृहस्थांचा विनय' म्हटले जाते.

## इतर बौद्ध देशांतील प्रथा

थेरवादी देशांत अल्पकाळाची प्रव्रज्या हाच बहुधा मुलांच्या वयात येण्याचा संस्कार ठरला आहे. म्यानमारमध्ये 'शिनब्यू' या समारंभात मुलाला राजपुत्रासारखे सजवून मिरवणुकीने विहारात नेतात आणि तेथे मुंडन करून श्रामणेर बनवितात. हा सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा पुनरुच्चार असतो. मुलींचे कान टोचण्याचा विधी अनेकदा याच वेळी होतो. थायलंडमध्ये तरुण विवाहापूर्वी काही काळ, विशेषतः एखादा वर्षावास, भिक्खू म्हणून राहतात. असे न राहिलेल्या पुरुषाला लोकभाषेत 'कच्चा' आणि राहून आलेल्यास 'पक्व' म्हणतात. नेपाळच्या काठमांडू खोऱ्यातील नेवार बौद्धांमध्ये शाक्य व वज्राचार्य कुळांतील मुले काही दिवस भिक्खूव्रत पाळून पुन्हा गृहस्थाश्रमात येतात.

आधुनिक युवक संघटनांचा आरंभ श्रीलंकेत झाला. ख्रिस्ती युवक संघटनेच्या धर्तीवर १८९८ मध्ये कोलंबो येथे 'यंग मेन्स बुद्धिस्ट असोसिएशन' स्थापन झाली. १९०६ मध्ये रंगून येथे याच नावाची संस्था निघाली आणि तिच्यातून ब्रह्मदेशातील राष्ट्रीय चळवळीचे अनेक कार्यकर्ते पुढे आले. बौद्ध युवकांची जागतिक संघटना 'वर्ल्ड फेलोशिप ऑफ बुद्धिस्ट यूथ' १९७२ मध्ये स्थापन झाली.

## १९५६ चे धर्मांतर आणि धम्मदीक्षेची संकल्पना

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कुशीनारा येथील महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण व पंचशील ग्रहण केले. त्यानंतर त्यांनी स्वतः उपस्थित लाखो अनुयायांना त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. १६ ऑक्टोबर रोजी चंद्रपूर येथेही दीक्षा समारंभ झाला. ६ डिसेंबर १९५६ रोजी आंबेडकरांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत अंत्यसंस्काराच्या वेळी भदन्त आनंद कौसल्यायन यांनी मोठ्या जनसमुदायाला दीक्षा दिली.

या समारंभाचे वेगळेपण असे की, ही दीक्षा गृहस्थांसाठी होती. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आंबेडकरांनी संघदीक्षा आणि धम्मदीक्षा यांत भेद केला आहे. त्यांच्या मते प्राचीन काळी भिक्खूसाठी संघप्रवेशाचा विधी होता, परंतु उपासकासाठी धम्मप्रवेशाचा स्वतंत्र विधी नव्हता. त्यामुळे उपासकाची बांधिलकी सैल राहिली, तो एकाच वेळी अनेक धर्म मानू शकला आणि भारतातून बौद्ध धर्म लुप्त होण्याचे ते एक कारण ठरले. बावीस प्रतिज्ञा हा या उणिवेवरील उपाय होता. प्रत्येक बौद्ध व्यक्तीला इतरांस दीक्षा देण्याचा अधिकार आहे, असेही आंबेडकरांनी नागपूर येथे सांगितले. त्यामुळे खेडोपाडी भिक्खू उपलब्ध नसतानाही दीक्षेचे कार्य चालू राहू शकले.

बावीस प्रतिज्ञांत जुन्या देवदेवतांची उपासना व श्राद्ध-पिंडदान न करणे, समतेसाठी प्रयत्न करणे, अष्टांगिक मार्ग व दहा पारमिता यांचे पालन करणे आणि पंचशीलाशी जुळणारे नियम यांचा समावेश आहे. एकोणिसाव्या प्रतिज्ञेत पूर्वीच्या धर्माचा त्याग आहे आणि एकविसाव्या प्रतिज्ञेत आपला नवा जन्म होत असल्याची भावना आहे. १९५६ मध्ये प्रतिज्ञा घेणाऱ्या व्यक्तीसाठी या दोन्ही गोष्टी प्रत्यक्ष अनुभवाच्या होत्या. बौद्ध घरात जन्मलेल्या मुलाला मात्र त्यागण्यासारखा पूर्वीचा धर्म नसतो. त्यामुळे तरुण पिढीला प्रतिज्ञा देताना त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागतो : त्याग येथे एखाद्या नोंदीचा नसून जन्मावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्या विचाराचा आहे, असे स्पष्टीकरण साधारणपणे दिले जाते.

## श्रामणेर शिबिरे

आंबेडकरांनी १९५५ मध्ये स्थापन केलेली भारतीय बौद्ध महासभा ही महाराष्ट्रातील गृहस्थ बौद्धांची प्रमुख धार्मिक संस्था आहे. जिल्हा, तालुका आणि गाव पातळीवरील शाखांमार्फत तिचे काम चालते. मुलांसाठी बालसंस्कार शिबिरे, पुरुषांसाठी श्रामणेर व बौद्धाचार्य शिबिरे आणि स्त्रियांसाठी धम्म उपासिका शिबिरे हे तिचे नेहमीचे उपक्रम आहेत. याशिवाय अनेक भिक्खू आपापल्या विहारांतही श्रामणेर शिबिरे घेतात.

श्रामणेर शिबिर साधारणपणे दहा दिवसांचे असते. ते शाळा-महाविद्यालयांच्या सुट्टीत, म्हणजे बहुधा उन्हाळ्यात किंवा दिवाळीच्या सुमारास भरते. शिबिराचा क्रम सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असतो. प्रथम शिबिरार्थींचे मुंडन होते. ते हात जोडून भिक्खूंकडे प्रव्रज्येची याचना करतात. त्यांना चीवर दिले जाते, त्रिशरण व दहा शीले दिली जातात. त्यानंतर पहाटे उठणे, वंदना, ध्यान, पाली गाथांचे पठण, प्रवचन व चर्चा असा दिनक्रम असतो. दुपारी बारापूर्वी भोजन उरकावे लागते. काही दिवस गावातून किंवा वस्तीतून चारिका काढली जाते आणि भिक्षापात्रात लोक अन्नदान करतात. अखेरच्या दिवशी चीवर परत करून शिबिरार्थी पंचशील घेतात व गृहस्थ जीवनात परततात.

या शिबिराचा परिणाम केवळ शिबिरार्थीपुरता राहत नाही. ज्या वस्तीत मुलाला सर्वजण नावाने हाक मारतात, तेथेच चीवर धारण केल्यावर वडीलधारी माणसे, प्रसंगी त्याचे आईवडीलही, त्याला वंदन करतात. वंदन व्यक्तीला नसून चीवराला आहे, हे दोन्ही बाजूंना उमजावे, अशी त्यामागील अपेक्षा असते. भिक्षा मागण्याचा अनुभवही अर्थपूर्ण आहे. गावकामाच्या जुन्या व्यवस्थेत महार कुटुंबांना घरोघर भाकरी मागावी लागे आणि ती हीनतेची खूण होती. त्याच समाजातील तरुणाने पात्र घेऊन मौनाने उभे राहणे याचा अर्थ वेगळा आहे. येथे देणारा आदराने देतो आणि घेणारा संयमाचे व्रत पाळत असतो.

श्रामणेर शिबिरानंतर पुढील प्रशिक्षण घेऊन काहीजण बौद्धाचार्य होतात. नामकरण, मंगल परिणय, गृहप्रवेश, अंत्यविधी व पुण्यानुमोदन हे संस्कार बौद्धाचार्य करतात. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा या वर्षावासाच्या काळातील प्रवचनमालांची व ग्रंथवाचनाची जबाबदारीही अनेक ठिकाणी त्यांच्याकडे असते.

## युवक संघटना

समता सैनिक दल : १९२७ मध्ये, महाडच्या सत्याग्रहाच्या काळात, आंबेडकरांच्या प्रेरणेने स्थापन झालेले स्वयंसेवक दल. सभा-परिषदांचे संरक्षण व शिस्त हे त्याचे मूळ कार्य होते. धर्मांतरानंतर चैत्यभूमी व दीक्षाभूमी येथील मोठ्या मेळाव्यांत सेवा देणे आणि युवकांना कवायत व शिस्तीचे प्रशिक्षण देणे ही कामे दलाचे सैनिक करतात.

दलित पँथर : १९७२ मध्ये मुंबईत तरुण लेखक-कार्यकर्त्यांनी स्थापन केलेली संघटना. ती धार्मिक संघटना नव्हती. तथापि युवकांनी आंबेडकरांचा बौद्ध विचार प्रमाण मानावा की मार्क्सवादी वर्गविचाराशी त्याची सांगड घालावी, यावरून राजा ढाले व नामदेव ढसाळ यांच्यात झालेल्या मतभेदामुळे बौद्ध तरुणांच्या ओळखीचा प्रश्न जाहीर चर्चेत आला.

त्रिरत्न बौद्ध महासंघ : संघरक्षित यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सुरू केलेल्या चळवळीची भारतीय शाखा. लोकमित्र यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुण्यातून तिच्या कार्यास आरंभ झाला. ध्यान शिबिरे, विद्यार्थी वसतिगृहे आणि नागपूर येथील नागलोक हे प्रशिक्षण केंद्र ही तिची प्रमुख कार्ये आहेत. येथे बांधिलकीची पायरी म्हणजे 'धम्ममित्र' होणे. या छोट्या विधीत इच्छुक व्यक्ती बुद्धमूर्तीसमोर फूल, दीप व धूप अर्पण करते.

जयंती उत्सव समित्या व तरुण मंडळे : गावपातळीवर तरुण प्रथम एकत्र येतात ते बहुधा १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीनिमित्त. वर्गणी गोळा करणे, हिशेब ठेवणे, मिरवणूक, व्याख्याने, अभ्यासिका किंवा वाचनालय चालविणे ही सार्वजनिक जीवनाची पहिली कामे ते येथे शिकतात. अलीकडे हार-फुलांऐवजी वह्या-पेन अर्पण करून ते गरजू विद्यार्थ्यांना वाटण्याचा उपक्रमही अनेक ठिकाणी रुजला आहे.

## धाराशिव जिल्ह्यातील संदर्भ

धाराशिव जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा व वाशी असे आठ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. उस्मानाबाद हे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलून धाराशिव करण्यात आले.

जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर होय. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात व टॉलेमीच्या भूगोलात या व्यापारी नगराचा उल्लेख आहे. येथील उत्खननांत सातवाहन काळातील विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. तेरचे त्रिविक्रम मंदिर हे चापाकार विटांचे बांधकाम मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात प्राचीन वस्तू जतन केलेल्या आहेत. एकेकाळी स्तूप असलेल्या या प्रदेशात मध्यंतरी अनेक शतके बौद्ध उपासकवर्ग उरला नव्हता. उपासकाच्या सैल बांधिलकीविषयी आंबेडकरांनी केलेल्या विवेचनाला तेरच्या अवशेषांमुळे स्थानिक संदर्भ मिळतो.

आधुनिक काळातील महत्त्वाची घटना म्हणजे धाराशिव तालुक्यातील कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आंबेडकरांच्या उपस्थितीत झालेली महार-मांग वतनदार परिषद. वतनाबरोबर येणारी गावकामे मुलाकडे जन्माने येत. तो वयात आला म्हणजे वडिलांच्या जागी राबू लागे. त्यात त्याची संमती विचारली जात नसे. आंबेडकरांनी १९२८ पासून मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या सुधारणेसाठी प्रयत्न केले होते. अखेर मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. जन्माने लादलेले वतन आणि स्वतः उच्चारलेली प्रतिज्ञा यांतील हा फरक लक्षात घेतल्यास, दीक्षेतील 'स्वतः' या शब्दाला येथील समाजात एवढे महत्त्व का आहे हे समजते.

जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत आणि त्यानंतर भारतातील हैदराबाद राज्यात होता. नागपूरची धम्मदीक्षा झाली तेव्हाही तो हैदराबाद राज्याचाच भाग होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्यासह तो मुंबई राज्यात आला. मराठवाड्यातील तरुणांच्या जडणघडणीत पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाचा मोठा वाटा आहे. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याच्या परिसराचे नाव नागसेनवन आहे. भिक्खू नागसेनाला निर्भयपणे प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव महाविद्यालयाला देण्यामागे, श्रद्धेआधी प्रश्न विचारता आले पाहिजेत, ही शिकवण होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून चाललेल्या आंदोलनात या भागातील बौद्ध तरुण मोठ्या संख्येने उतरले. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला.

## कागदोपत्री नोंद व धर्माची घोषणा

बौद्ध तरुणाच्या जीवनात बांधिलकीची एक कसोटी विहाराबाहेर, शाळेच्या दाखल्यावर लागते. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशानुसार हे आरक्षण केवळ हिंदूंपुरते होते. १९५६ मध्ये ते शिखांना लागू झाले. धर्मांतरित बौद्धांना महाराष्ट्र शासनाने १९६० पासून राज्यात सवलती दिल्या, परंतु केंद्र शासनाच्या सेवा व शिष्यवृत्त्यांसाठी ही अडचण कायम राहिली. त्यामुळे घरी त्रिशरण म्हणणाऱ्या अनेक मुलांच्या दाखल्यावर 'हिंदू' अशी नोंद राहिली. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाल्यावर ही कायदेशीर अडचण दूर झाली. तरीही जुन्या नोंदी, जातपडताळणी आणि पूर्वजांचे पुरावे यांमुळे धर्माच्या रकान्यात काय लिहावे, याची चर्चा दहावीच्या अर्जापासून जनगणनेपर्यंत पुन्हा पुन्हा होते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ६५,३१,२०० बौद्ध होते. हे प्रमाण राज्याच्या लोकसंख्येच्या ५.८१ टक्के असून देशातील बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक बौद्ध याच राज्यात आहेत.

## मतभेद व चर्चा

* दहा दिवसांच्या प्रव्रज्येने संघजीवनाची केवळ ओळख होते, असे काही भिक्खूंचे मत आहे. उलट गृहस्थ कार्यकर्त्यांच्या मते शिबिराचा हेतू भिक्खू घडविण्याचा नसून जाणता उपासक घडविण्याचा आहे.
* बावीस प्रतिज्ञा स्त्री-पुरुषांना समान आहेत. मात्र मुंडन व चीवर असलेली शिबिरे प्रामुख्याने मुलांसाठी भरतात आणि मुलींसाठी उपासिका शिबिरे असतात. थेरवादी परंपरेत भिक्खुणी संघाची परंपरा खंडित झाल्याचा हा परिणाम असून, मुलींनाही प्रव्रज्येची समान संधी असावी, अशी मागणी केली जाते.
* ध्यानावर भर द्यावा की सामाजिक संघर्षावर, याविषयी संघटनांमध्ये मतभिन्नता आहे. आंबेडकरांच्या विवेचनात प्रज्ञा, शील व करुणा यांना समान स्थान असल्याचा दाखला दोन्ही बाजू देतात.
* मूल अजाण असताना घरच्यांनी म्हणवून घेतलेले त्रिशरण पुरेसे आहे की जाणत्या वयात पुन्हा दीक्षा घ्यावी, याबाबत एकच नियम नाही. अनेक कुटुंबांत अशोक विजयादशमी किंवा १४ ऑक्टोबर या दिवशी सर्वजण मिळून प्रतिज्ञांचा पुनरुच्चार करतात. अशा वेळी तरुण मुलगा किंवा मुलगी त्या प्रथमच अर्थ समजून म्हणते.

## हेही पाहा

* धम्मचक्र प्रवर्तन दिन
* बावीस प्रतिज्ञा
* भारतीय बौद्ध महासभा
* समता सैनिक दल
* वर्षावास
* तेर